चाकं रुंद झाली, गाडी तीच राहिली

१९८९ सालच्या जुलैमधली गोष्ट आहे. आम्ही घरचे पाच जण मुंबईहून पुण्याला एका साखरपुड्याला निघालो होतो. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता. सगळी वाहतूक जुन्या बोरघाटातून. पाऊस लागलेला होता. खोपोली सोडून घाट चढायला लागलो आणि मागच्या सीटवरून आईने विचारलं, ‘‘अरे, जळकं कसलं येतंय?’’ मी म्हटलं, पुढच्या ट्रकचा क्लच असेल. दोन वळणं गेली. प्रत्येक डाव्या वळणाला मागच्या बाजूने ‘खर्र’ असा आवाज यायला लागला. बाबांनी गाडी कडेला घ्यायला लावली. उतरून बघतो तर उजव्या मागच्या टायरचा बाहेरचा खांदा मडगार्डच्या पत्र्याने सोलून काढला होता. रबर जाऊन आतले धागे दिसत होते. आणखी चार-पाच वळणं गेली असती तर टायर फुटला असता, आणि एका बाजूला दरी होती.

गाडी बाबांची होती, १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. चाकं माझी होती. नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या बोनसमधून मी मूळच्या रिम कापून, मध्ये पट्टी वेल्ड करून रुंद करून घेतल्या होत्या आणि त्यांवर कुठल्या तरी मोठ्या परदेशी गाडीचे वापरलेले जाड टायर चढवले होते. कॉलनीतली मुलं वळून बघायची. डिकीतली स्टेपनी मात्र जुनीच, बारीक चाकाची होती. ती बसवली आणि तीन जाड, एक बारीक अशा चाकांवर जीव मुठीत धरून, ताशी तीसच्या वेगाने पुणं गाठलं. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘अरे, चाकं रुंद करणं इतकं सोपं असतं, तर कंपनीच्या लोकांना ते सुचलं नसतं का?’’

मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. पुढे मोटारींच्या इतिहासाचा नाद लागला तेव्हा कळलं, की हा प्रश्न जगभर अनेकांना पडलेला आहे आणि त्याचं उत्तर शोधायला चाकाच्या इतिहासातच शिरावं लागतं. आज त्याविषयी बोलायचं आहे.

हवा भरलेलं चाक ही कल्पना तशी जुनी. रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. पण तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेच्या नळ्या बसवल्या, आणि मग मात्र ही कल्पना रुजली. मोटारीला हवेचे टायर लावून शर्यतीत उतरण्याचं धाडस केलं ते फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी, १८९५ सालच्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत. वाटेत पंक्चर काढता काढता ते बेजार झाले, पण हवेवर मोटार चालते हे जगाला दिसलं.

हे सुरुवातीचे टायर अगदी बारीक असत, जवळपास सायकलच्या भावंडांसारखे, आणि त्यांत हवा खूप दाबाने भरावी लागे. गाडी दणके खात चाले. १९२३ साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने ‘बलून टायर’ बाजारात आणले. फुगीर, रुंद आणि कमी दाबाचे. गाडी एकदम मऊ चालू लागली. साहजिकच आधीच्या गाड्यांच्या मालकांनाही ते हवेसे वाटले. मग जुनी चाकं काढून नवी चाकं आणि बलून टायर बसवून द्यायचा धंदा सुरू झाला. जुन्या गाडीला बाजारातून आणलेली रुंद चाकं बसवण्याची हौस ही अशी शंभर वर्षांची आहे.

आणि पहिला धडाही तेव्हाच मिळाला. फुगीर टायर लावलेल्या गाड्यांची पुढची चाकं विशिष्ट वेगाला थरथरू लागली. स्टिअरिंग हातात उड्या मारू लागलं. इंग्रजीत त्याला ‘शिमी’ असं नाव पडलं. ते एका नाचाचंही नाव होतं. कारण असं, की त्या काळी पुढची दोन्ही चाकं एकाच लोखंडी ॲक्सलला जोडलेली असत. बारीक, कडक टायरला तो ॲक्सल पुरेसा होता. टायर मऊ आणि जड झाल्यावर एका चाकाला बसलेला हिसका दुसऱ्यापर्यंत जाऊन दोघं मिळून डोलू लागली. कारखानदारांना स्टिअरिंगची रचना बदलावी लागली आणि पुढची दोन्ही चाकं एकमेकांपासून मोकळी करणारं स्वतंत्र सस्पेन्शन आणावं लागलं. १९३४ सालच्या अमेरिकन गाड्यांत ते मोठ्या प्रमाणावर दिसू लागलं, त्यामागचं एक कारण हे रुंद टायर होते. म्हणजे चाक आधी बदललं आणि गाडीला त्याच्या मागे धावत बदलावं लागलं.

आता आपल्या फियाटकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. इटलीत १९५३ साली आलेली फियाट ११०० पुढे इथे बनू लागली. नावं बदलत गेली आणि अखेर ती पद्मिनी झाली. १,०८९ सीसीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि मनगटाच्या जोरावर फिरवायचं स्टिअरिंग. तिच्या टायरवर लिहिलेलं असे ५.२०-१४. म्हणजे टायरची रुंदी सव्वापाच इंचांच्या आतबाहेर आणि रिमचा व्यास चौदा इंच. ॲम्बॅसडरचा आकडा होता ५.९०-१५. आजच्या डोळ्यांना ही चाकं काटकुळी वाटतात.

हे टायर ‘क्रॉस-प्लाय’ जातीचे. आतल्या धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके, खाटेच्या नवारीसारखे विणलेले. बाजू आणि तळवा यांची वीण एकच असल्यामुळे वळणावर टायरची बाजू वाकली की तळवाही मुरडतो आणि रस्त्यावरून उचलला जातो. असा टायर फार रुंद केला तरी ती रुंदी वळणावर पूर्ण टेकत नाही. म्हणजे त्या काळच्या टायरमध्ये रुंदीला मर्यादाच होती.

ही मर्यादा ओलांडली मिशेलिननेच. १९४६ साली त्यांनी ‘रेडियल’ टायरचं पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये तो ‘एक्स’ या नावाने विक्रीला आणला. यात बाजूचे धागे सरळ, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात आणि तळव्याखाली पोलादी तारांचा एक पट्टा स्वतंत्र असतो. बाजू खुशाल वाकू दे, तळवा सपाट राहतो. आता टायर रुंद करण्यात अर्थ होता. पुढची पंचवीस-तीस वर्षं टायर रुंद आणि बुटके होत गेले, त्याचं मूळ या पट्ट्यात आहे.

रुंदीचा फायदा नेमका कसला, याविषयी मात्र खूप गैरसमज आहे. शाळेत आपण शिकलो, की घर्षण हे टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. फ्रान्सच्या आमोन्तोंने १६९९ साली मांडलेला हा नियम. रबर तो पुरेपूर पाळत नाही. ते रस्त्याच्या खडबडीत कणांमध्ये शिरून पकड घेतं. म्हणून रुंदीचा उपयोग होतो. पण दुसरीही एक गंमत आहे. टायर रस्त्याला किती टेकतो, हे मुख्यतः वजन आणि हवेचा दाब ठरवतात. माणसं धरून पद्मिनी बाराशे किलोंची धरली, तर एका चाकावर तीनशे किलो आले. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला १.७ किलो धरला, तर साधारण पावणेदोनशे चौरस सेंटिमीटर जागा टेकते, म्हणजे आपल्या तळहाताच्या आसपास. त्याच दाबाचा रुंद टायर घातला तरी जागा जवळपास तेवढीच राहते. फक्त आधी ती उभी होती, आता आडवी होते. आडव्या जागेमुळे वळणावर गाडी चांगली धरते, हे खरं. पण पाण्यातून जाताना तीच जागा नांगराच्या फाळाऐवजी फळीसारखी पाण्यावर आदळते. पाणी बाजूला सारायला वेळ मिळत नाही आणि गाडी तरंगायला लागते. टायर गुळगुळीत झालेला असेल तर आणखी लवकर. ज्या प्रदेशात वर्षातले चार महिने रस्त्यावर पाणी असतं, तिथे ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

रुंद चाकांची खरी शाळा म्हणजे शर्यतीचं मैदान. बुगाती कंपनीने १९२४ सालच्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या गाडीला ॲल्युमिनियमची ओतीव चाकं दिली होती. पुढे अमेरिकेत शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं आली, कारण तो धातू त्याहूनही हलका. आपल्याकडचे जुने मेकॅनिक अजूनही कुठल्याही फॅन्सी चाकाला ‘मॅग व्हील’ म्हणतात, ते या मॅग्नेशियमवरून. चाक बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. ही चाकं आली ती आधी वजन कमी करण्यासाठी. दिसायला छान, हे नंतरचं.

ही हौस सामान्य माणसापर्यंत पोचवली ती ब्रिटनच्या मिनी या चिमुकल्या गाडीने. १९५९ साली आलेल्या या गाडीला अवघी दहा इंची चाकं होती. तिने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकली आणि तिथल्या तरुणांना वेड लागलं. ‘मिनिलाइट’ची आठ आऱ्यांची मॅग्नेशियम चाकं रॅलीच्या मिनीला असत, तशी घरच्या मिनीलाही हवी झाली. ज्यांना परवडत नसे ते पोलादी रिम कापून, पट्टी घालून रुंद करून घेत. मी १९८९ मध्ये स्वतःला मोठा कल्पक समजत होतो. तीच कारागिरी तिकडे वीस वर्षं आधी जुनी झालेली होती.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. कंपनीच्या लोकांना हे सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. पण त्यांनी ते कसं केलं ते बघा. १९७६ साली फोक्सवॅगनने गोल्फ गाडीची ‘जीटीआय’ ही वेगवान आवृत्ती काढली. तिला साध्या गोल्फपेक्षा रुंद, १७५ मिलिमीटरचे टायर दिले. त्याबरोबर सस्पेन्शन बदललं, पुढे वेगळे डिस्क ब्रेक दिले आणि चाकांवर काळ्या प्लास्टिकच्या रुंद कमानी बसवल्या. पोर्शे ९११ टर्बोला त्याच सुमाराला पिरेलीचे ‘पी ७’ हे बुटके, रुंद टायर मिळाले, तेही गाडीचं सस्पेन्शन त्यांच्याशी जुळवून. आणि मिनीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. पंचवीस वर्षं दहा इंची चाकांवर धावलेल्या मिनीला कंपनीने १९८४ मध्ये सरसकट बारा इंची चाकं दिली. जुनीच गाडी, मोठी चाकं. म्हणजे मी केलं तेच. पण चाकांबरोबर पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक दिले आणि मडगार्डवर कमानी वाढवल्या. चाक हा गाडीचा सुटा दागिना नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

सुटा का नाही, ते थोडक्यात सांगतो. चाकाचा मध्य हबपासून किती आत किंवा बाहेर आहे, याला ‘ऑफसेट’ म्हणतात. बेअरिंगवर वजन कुठे पडायचं हे त्यावरून ठरलेलं असतं. मी रिमला बाहेरच्या बाजूने दोन इंचांची पट्टी घातली, म्हणजे चाकाचा मध्य एक इंच बाहेर गेला. दारूची बाटली छातीशी धरणं आणि हात लांब करून धरणं यांत जो फरक, तोच बेअरिंगच्या वाट्याला आला. स्टिअरिंगचंही तसंच. पुढचं चाक ज्या काल्पनिक रेषेभोवती वळतं, ती रेषा रस्त्याला जिथे टेकते तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर कंपनीने हिशेबाने ठेवलेलं असतं. ऑडीने १९७२ सालच्या ‘८०’ या गाडीत हे अंतर मुद्दाम उलट्या बाजूला नेलं, एका चाकाचा ब्रेक कमी-जास्त लागला तरी गाडी सरळ राहावी म्हणून. आपण चाक बाहेर काढलं, की ते अंतर वाढतं. मग प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला ओढतो आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला खेचते. आणि मडगार्ड तर जागचं हलत नाही. रिकाम्या गाडीत टायर आणि पत्रा यांत दोन बोटं जागा दिसते; मागे तीन माणसं आणि डिकीत सामान आलं की पाटे दबतात आणि ती जागा नाहीशी होते. बोरघाटात नेमकं हेच झालं होतं.

आपल्याकडे रेडियल टायर आले ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पण साध्या गाड्यांपर्यंत पोचायला बराच काळ गेला. भांडुपला १९५८ पासून टायर बनत होते, कुर्ल्याला गाड्या बनत होत्या आणि त्याच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळत होते. आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे परदेशी चाक हाती लागणं म्हणजे लॉटरी. १९९१ नंतर ते चित्र पालटलं. मारुती ८०० च्या जमान्यात गल्लोगल्ली अलॉय व्हीलची दुकानं झाली.

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुन्या गाडीचं चाक कधी बदलूच नये, असं माझं म्हणणं नाही. क्रॉस-प्लाय काढून योग्य मापाचे रेडियल लावले, तर जुनी गाडी खरोखर सुधारते; ब्रेक चांगले लागतात, ओल्या रस्त्यावर धीर येतो. फक्त माप बघावं आणि एका गाडीत दोन जाती मिसळू नयेत. मापाचा हिशेब सोपा आहे. १४५/८० आर १२ या टायरमध्ये १४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, तिचे ८० टक्के ही बाजूची उंची आणि १२ इंच रिम. उंची दोनदा धरून रिममध्ये मिळवली, की एकूण व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर येतो. याऐवजी १६५/७० आर १२ घेतला तर व्यास ५३६. रुंदी वाढली, उंची तीच राहिली. आता चौदा इंची गाडीत १५५/८० काढून १८५/६० घातला, तर व्यास ६०४ वरून ५७८ होतो. गाडी अर्धा इंच खाली बसते, आणि स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा वेग साडेसत्तावन्नच्या आसपास असतो. पहिल्या बदलात आकडे जुळतात. तरीही रिमची रुंदी, ऑफसेट आणि मडगार्डमधली जागा भरलेल्या गाडीत तपासावीच लागते.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात २००० साली दुरुस्ती झाली आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुष्कळांना हा कायदा हौशीच्या आड येणारा वाटतो. मला तो आवाज ऐकल्यापासून तसं वाटत नाही.

पद्मिनीचं उत्पादन शतकाच्या अखेरीला थांबलं. मुंबईतली नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला रस्त्यावरून उतरली. वर्षानुवर्षं त्या काळ्या-पिवळ्या गाड्या पाच-पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन, पावसाळ्यात पाण्यातून, त्याच काटकुळ्या चाकांवर धावल्या. इटलीतल्या कुणा इंजिनिअरने ते चाक, तो पाटा, ते बेअरिंग आणि ती कमान एकाच कागदावर मांडली होती. त्यातली एकच वस्तू बदलायची, तर बाकीच्या तिघांना विचारावं लागतं.

पुण्याहून परतल्यावर मी जुनी चाकं शोधायला निघालो, तर ती कापून झालेली. चार मूळ रिम जमवायला मला पाच महिने लागले. बाबांनी शेवटचा नट स्वतः आवळला, गाडी सोसायटीभोवती एक चक्कर मारून आणली आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘‘आता आईला घेऊन जा कुठेही.’’ बाबा आज नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला नीट द्यायचं राहिलं होतं, ते आज तुम्हाला दिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)